सीनाच्या वतीनं

माझं गाव विचाराल तर ते आता पाण्याखाली आहे. पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात होतं, पन्नास-साठ उंबरा असंल, वढ्याच्या काठानं केवड्याचं बन होतं, त्यात नाग असतात म्हणून आई आम्हाला जाऊ द्यायची नाही आणि आम्ही हटकून जायचो. नाव सांगून काय करताय ताई, नकाशात ते नाही आता. मी शालन. इथं जर्मनीत आमच्या ट्रेपनहाउसमधली, म्हंजे जिन्यावरची, सगळी मला फ्राऊ मोरे म्हणतात आणि एक बाई होती ती शाला म्हणायची. तिचंच सांगायचंय, पण तिच्याकडं जायचं तर आधी गावावरनंच जावं लागतं, त्याला माझा इलाज नाही. त्या मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू आहे ना? असू द्या, असू द्या.

तर धरण व्हायचं ठरलं तवा मी आठ-नऊ वर्षांची असंन. आमचे अण्णा म्हंजे माझे वडील गावच्या पंचांतले, पाच माणसं होती, पाचांच्या शब्दाबाहेर गाव जायचं नाही. तर एक साहेब आला जीपमधनं. आणि काय सांगू तुम्हाला, लई गोड माणूस हो! शिव्या देणारा असता तर बरं झालं असतं, गावानं हाकलून लावला असता. हा आमच्या ओसरीवर घोंगड्यावर मांडी घालून बसला, गुळाचा चहा प्याला, पिठलं-भाकरी मागून खाल्ली, माझ्या आईला वहिनी म्हणाला, वहिनी तुमच्या हाताला चव आहे म्हणाला. आणि हात धुऊन झाल्यावर मंग त्यानं गाव मागितलं. पाचही पंच एकमेकांच्या तोंडाकडं बघाय लागले. आता पाहुणा दारात, आपलं अन्न त्याच्या पोटात, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आमच्यात तशी रीतच नव्हती. अण्णा म्हणाले, साहेब, तुम्ही एवढं म्हणताय तर व्हय. बास. त्या एका व्हयवर नदी गेली, देऊळ गेलं, मसणवट गेली, केवडा गेला. साहेबानं अण्णांना फेटा बांधला, नारळ दिला, पाठीवर हात ठेवला. आई चुलीपुढनं उठलीच नाही.

त्या दिवसापासनं आईनं अण्णांना अहो म्हणून हाक मारली नाही. जेवायला वाढायची, दुखलं-खुपलं बघायची, सगळं करायची, पण अहो नाही. मला सांगायची, जा, त्यांना म्हणावं पान वाढलंय. अण्णा समोर बसलेले असायचे हो, हाताच्या अंतरावर! आणि मी मधी उभी राहून सांगायचे, अण्णा, आई म्हणती पान वाढलंय. मरेस्तोवर असं. अण्णा एकदा रडकुंडीला येऊन म्हणाले, अगं एकदा तरी हाक मार की. आई म्हणाली, शालन, त्यांना म्हणावं, हाक मारायला घर लागतं.

आम्हाला खाली लांब माळावर जागा दिली. तिथली लोकं आम्हाला धरणवाले म्हणायची, अजून म्हणतात. असो. लग्न झालं, आमचे हे फिटर, आयटीआय केलेले, पुण्यात एका जर्मन कंपनीत लागले, तिनं इकडं धाडलं, मंग इथं कायझर्सलाउटर्नला युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपात मिळालं नि आम्ही इथंच राहिलो. मुक्ता इथंच झाली. ती आता न्युरेम्बर्गला इंजिनिअर आहे. मी मराठीत बोलते, ती जर्मनमधनं उत्तर देते, कळतं तिला सगळं, पण तोंडातनं मराठी यायची नाही. मी म्हणते अगं जेवलीस का, ती म्हणते जा मामा, गेनाऊ. जा म्हंजे व्हय, मामा म्हंजे आई, गेनाऊ म्हंजे अगदी बरोबर. जेवण केल्यावर गेनाऊ काय असतं? पण पोरगी गुणाची आहे. हे गेले, त्यांची राख आम्ही मायलेकींनी कृष्णेत सोडली. आणि मी ठरवलं होतं की माझी रेंटे सुरू झाली की उठायचं आणि माळावर भावाकडं जाऊन राहायचं. भावानं माझ्यासाठी एक खोली बांधलीय, पुढं तुळस लावलीय. पेन्शन कुठंही खाता येती, इथं भिंतींशी काय बोलत बसायचं.

आता सीना. मी युनिव्हर्सिटीच्या मेन्झात, म्हंजे पोरांची खाणावळ, तिथं भांड्यांच्या पट्ट्यावर होते, आणि एक दिवस ही आली कामाला. दरवाज्यात मावणार नाही अशी बाई, आणि डोक्याला जाळीची टोपी घालायची तर टोपीच्या आतनं कानावर जास्वंदीचं फूल, कापडाचं! सुपरवायझर म्हणाला फूल काढा. ही हसली, काढलं, तो वळला की परत लावलं. मी म्हटलं ही आपल्यातली आहे. तिचं जर्मन मोडकं, माझं मोडकं, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं, जर्मन माणूस मधी आला की मात्र दोघींना काही कळायचं नाही. ती बेटावरची. सामोआ म्हणतात, मोठ्या समुद्राच्या पार मधोमध. तिचा नवरा अमेरिकेच्या फौजेत, इथल्या तळावर आला होता, पुढं हिला आणि पोराला सोडून गेला अमेरिकेला, गेला तो गेला. पोराचं नाव ताविता. तिनं एकटीनं वाढवला, भांडी धुऊन धुऊन. योगायोग बघा, आमच्याच बिल्डिंगमधलं वरचं वोनुंग रिकामं झालं आणि ती आली राहायला.

पहिल्यांदा तिच्या घरी गेले तर भिंतीवर एक चटई टांगलेली. चटई म्हणते मी, पण हात लावून बघाल तर कापड, रेशमासारखी मऊ, इतकी बारीक विणलेली की दोरा म्हणावा, आणि खालच्या काठाला लाल पिसं. मी वास घेतला. अगं बाई, हा तर केवडा! केवड्याच्या जातीचं पान हो, त्यांच्याकडं ते वाळवून, चिरून, बाया वर्षानुवर्षं विणतात, एक विणायला सुरू करती आणि तिची लेक संपवती. मी तिथंच मटकन बसले. वढ्याकाठचं ते बन बुडाल्यावर मी केवडा हातात धरला नव्हता. सीनाला वाटलं मला चक्कर आली, तिनं माझ्या तोंडावर पाणी मारलं.

मंग तिनं सांगितलं ह्या चटईवर बसत नाहीत. ही देतात. लग्नात देतात, मयतीला देतात. आणि कुणाकडनं मोठी चूक झाली तर तो माणूस ही चटई अंगावर पांघरून, डोकं झाकून, ज्याचं वाईट केलं त्याच्या दारापुढं जाऊन बसतो. बोलायचं नाही काही. ऊन असू दे, पाऊस असू दे, बसून राहायचं. आतल्या माणसानं बाहेर येऊन चटई उचलली की मिटलं. मी विचारलं, आणि नाहीच उचलली तर? ती म्हणाली, शाला, उचलतातच. न उचलणाऱ्याला आमच्यात माणूस म्हणत नाहीत. आणि अजून एक म्हणाली, चटई घेतली की नातं लागतं. ज्यानं हात पुढं करून घेतली तो त्या घरचा झाला, त्या घरचं सुखदुःख त्याचं झालं.

आणि तिथंच गोम होती. सीनाचा पणजोबा त्यांच्यातला सरदार म्हणा, प्रमुख म्हणा, घराण्यांचे असे प्रमुख असतात, त्यांची सभा असती. तर अमेरिकेचं जहाज आलं, त्यावरनं अधिकारी उतरला, तोही गोड बोलणारा, बसला खाली मांडी घालून, त्यांचं ते झाडाच्या मुळ्या कुटून केलेलं पाणी प्याला. आणि मंग म्हणाला तुमचं बेट आमच्या झेंड्याखाली द्या, आम्ही सांभाळू. प्रमुखांची सभा बसली. त्यांच्यात मतं मोजत नाहीत बरं का. सगळ्यांनी बोलायचं, आणि एक जरी गप राहिला तरी पुढं सरकायचं नाही. सगळे व्हय म्हणाले, सीनाचा पणजोबा गप. शेवटी सगळे हात जोडून त्याच्याकडं बघाय लागले, पाहुणा उन्हात ताटकळलाय म्हणाय लागले. मंग तो म्हणाला, बरं, झेंडा तुमचा. पण जमीन घराण्याची. ती विकायची नाही, बाहेरच्याला द्यायची नाही, आमची माणसं आमच्या दारापुढंच पुरली जातील. ते कबूल झालं, आणि ते अजून तसंच आहे तिकडं, जमीन बाहेरच्याला जात नाही. आणि पणजोबानं घरातली सगळ्यात जुनी चटई आणून त्या अधिकाऱ्याला दिली. त्याच्या मनात काय, तर आता हा आपला झाला, आता ह्याला आपलं बघावंच लागेल. आणि त्यानं काय केलं? जहाजावर नेऊन पलंगापुढं अंथरली. पाय पुसायला! तिथं माल चढवायला गेलेल्या पोरांनी बघितली, घरी येऊन सांगितलं. पणजी त्यानंतर नवऱ्याला म्हणायची, तुम्हाला माणूस ओळखता येत नाही.

मी म्हटलं, सीना, तुमचा पणजोबा आणि आमचे अण्णा एकाच आईच्या पोटचे गं. आणि दोघी लई हसलो आणि मंग रडलो. तिला नाद होता चेष्टा करायचा. म्हणायची, आमच्या बेटांचा अर्धा भाग अमेरिकेनं घेतला आणि दुसरा अर्धा ह्या जर्मनीनं घेतला होता, इथं कुणाला ठाऊकही नाही. मी दोघांची परतफेड केली. नवरा एकाच्या फौजेत दिला आणि भांडी दुसऱ्याची घासली.

किती वर्षं अशी गेली. संक्रांतीला मी तिला तिळगूळ द्यायचे, ती नाताळला मला नारळाच्या दुधातलं काहीबाही करून द्यायची. तिच्याकडनं आलेलं भांडं मी कधी रिकामं परत केलं नाही आणि तिला ते लई आवडायचं, म्हणायची आमच्यातही असंच. मंग मागच्या वर्षी तिचं पोट दुखाय लागलं. क्रांकेनहाउसमध्ये तपासण्या झाल्या, डॉक्टरीणबाईनं समोर बसून सांगितलं, आता औषधानं दुखणं कमी करू, बरं करता येणार नाही. मी शेजारी होते. सीना मला म्हणाली, ही काय म्हणाली? तिला कळलं होतं हो. माझ्या तोंडनं ऐकायचं होतं. मी तिचा हात धरला.

तिचं एकच मागणं होतं. मला घरी न्या. मेल्यावर न्या, जिवंतपणी न्या, कसंही न्या, पण दारापुढं पुरा. तिची आई तिथं, आजी तिथं, अंगणातच, पोरं त्या कबरींवर बसून अभ्यास करतात म्हणे. सगळं दिलं आम्ही, म्हणायची, तेवढं राखलंय, त्यातलं माझ्या अंगाएवढं मला द्या. आणि ताविता म्हणत होता, इथं. इथल्या फ्रीडहोफमध्ये, म्हंजे दफनभूमीत. आता ताविता म्हंजे वाईट पोरगा नाही, तसं मनात आणू नका. ह्या एवढा आडवातिडवा, गाड्यांचे भाग बनवायच्या कारखान्यात शिफ्टला जातो, बायको कातरीन जर्मन, बिचारी समजूतदार, आणि आईवर एवढा जीव की रोज कामावरनं आधी आईकडं मंग घरी. मला तान्ते शाला म्हणतो, म्हंजे शाला मावशी. पण ह्या एका गोष्टीवर मायलेकांचं अडलं. तिला बरं असलं की ती बोलायची आणि तो उठून गॅलरीत जायचा.

मंग सीनानं सभा बोलावली. तिच्या रीतीनं. म्हणाली हे घराण्याचं काम आहे, चहा पिता पिता करायचं नाही. रविवारी सकाळी चर्चमधनं आल्यावर सगळे तिच्या बैठकीत खाली जमिनीवर, तिला एकटीला खुर्ची. ताविता, कातरीन, आणि मी. मला म्हणाली तू माझ्या वतीनं बोलायचंस. त्यांच्यात तसं असतं, मोठा प्रमुख स्वतः तोंड उघडत नाही, त्याच्यासाठी बोलणारा वेगळा प्रमुख असतो, तो बोलतो आणि मोठा गप बसतो. मी म्हटलं, सीना, अगं माझं जर्मन! मला डेर-डी-डास, त्यांचं ते तो-ती-ते, येत नाही, मी काय घराण्याच्या सभेत बोलू! ती म्हणाली, माझं दुसरं कोण आहे इथं? नऊवारी नाही पण चांगली इरकल नेसले त्या दिवशी, टिकली लावली, आणि खाली बसले.

मी बोलले, ताई. आयुष्यात एवढं बोलले नव्हते. मी म्हटलं ताविता, मी तुझ्या आईच्या तोंडानं बोलतेय. मंग त्याला आमच्या ओसरीवरचा साहेब सांगितला, अण्णांचा फेटा सांगितला, आईचं ते अहो सांगितलं, ते जर्मनमध्ये सांगता येईना, तर मी म्हटलं, माझ्या आईनं माझ्या बापाला जन्मभर नावानं, कशानंच हाक मारली नाही. का, तर त्यानं आमच्या मेलेल्या माणसांची जागा देऊन टाकली. तुझ्या पणजोबाच्या बापानं झेंडा दिला पण ती जागा दिली नाही. सगळे हात जोडून बसले तरी दिली नाही. तुझ्या आईसाठी राखली. तू कोण ती घालवणारा? असं म्हटलं मी. तू कोण. जरा जास्तच झालं, पण अंगात आलं होतं माझ्या.

ताविता खाली मान घालून बसलेला. मंग तो बोलाय लागला, हळू. मी तिथं लहानपणी एकदाच गेलोय, म्हणाला. तिथले लोक माझ्याशी बोलतात ते मला कळत नाही, मला भाषा येत नाही. मामा, तुला तिथं ठेवलं तर तुझ्या मातीवर उभा राहूनसुद्धा मी परकाच. मी कधी येणार? कुणाला विचारत येणार? इथं असलीस तर शिफ्ट सुटल्यावर थांबेन. रोज थांबेन. तू मला एकटीनं वाढवलंस, मला बाप नाही, बेट नाही, तूच आहेस, आणि तेवढंसुद्धा तू त्यांना देणार? कातरीन रडाय लागली. मी आपली घट्ट बसले. मी मनात म्हटलं, शालन, विरघळायचं नाही, तू स्वतःची नाहीस आज, तिची आहेस.

आणि तो उठला. मला वाटलं गॅलरीत चालला. तर तो भिंतीपाशी गेला, चटई खिळ्यावरनं काढली, आणि आईच्या खुर्चीपुढं येऊन गुडघ्यावर बसला, वाकला, आणि ती डोक्यावरनं पांघरून घेतली.

त्याला भाषा येत नव्हती हो, पण हे येत होतं! कवा तिनंच सांगितलं असंल झोपवताना. एवढा मोठा देह त्या चटईखाली, मागनं नुसते पाय दिसत होते, मोज्याला टाचेला भोक पडलेलं. तुझं मागणं मी पुरं करू शकत नाही, मला क्षमा कर, असं ते बसणं. आणि बोलायचं काही नाही, बसून राहायचं.

सीनानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या वतीनं बोलणारी, मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं, पण ह्याला उत्तर बोलून देतच नाहीत. रस्त्यावरनं बस गेली, खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावली. तिच्या तोंडावर असं काही होतं की मला बघवेना, पोटातल्या दुखण्यानंसुद्धा तसं तोंड तिचं कधी झालं नव्हतं. मंग तिनं माझ्यापुढं हात केला, मला उठव म्हणून. मी म्हटलं नको, सीना. मराठीतच म्हटलं. नको गं, उचलू नको. तिला कळलं. तिनं मान हलवली, माझ्या खांद्याला धरून उठली, वाकली आणि पोराच्या अंगावरची चटई उचलली. तो आईच्या पायाला मिठी मारून लहान पोरासारखा रडला.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. लई चिडले होते. म्हटलं का दिलंस? मी एवढं भांडले तुझ्यासाठी, का दिलंस? ती ओट्याला धरून उभी होती, म्हणाली, शाला, मी जन्मभर पणजोबाला नावं ठेवली. मला वाटायचं घाबरला असंल, नाहीतर भुलला असंल. आज कळलं. तो समोर सगळे हात जोडून बसलेले बघत होता, आणि ते त्याचेच होते. मी म्हटलं, पण तुझं अंगण? ती म्हणाली, गेलं. आणि मंग जी रडली, आवाज न करता, तोंडावर टॉवेल धरून, बाहेर पोराला ऐकू जाऊ नये म्हणून. मी तिची पाठ चोळत उभी राहिले. मला अण्णा दिसत होते, त्या घोंगड्याच्या कडेवर बसलेले. मी अण्णांना माफ केलं असं सांगणार नाही तुम्हाला, खोटं कशाला बोलू. पण आईनं एकदा तरी अहो म्हणायला पाहिजे होतं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

वसंतात गेली ती. चेरीला फुलं होती. शेवटी शेवटी तिला घरच्याच गोष्टी आठवायच्या, जर्मन सगळं विसरली, तिच्या भाषेत बोलायची, आणि ताविता उशाशी बसून जा मामा, जा मामा म्हणायचा, एक अक्षर कळत नव्हतं पोराला. मला तर कुठनं कळणार. मी मराठीत उत्तर द्यायचे. व्हय सीना, व्हय गं, आलं घर, हे काय, आलंच.

पुरायच्या दिवशी अमेरिकेच्या तळावरची चार सामोअन घरं आली होती. फौजी माणसं, बाया, पोरं. त्यांनी गाणं म्हटलं. ताई, जर्मन लोकांच्या फ्रीडहोफमध्ये सगळं कसं कुजबुजत चालतं, आणि ही माणसं छाती भरून गायला लागली तर शेजारच्या कबरीवर फुलं लावणारी म्हातारी हातातली झारी खाली ठेवून उभी राहिली. ताविताला चटई आईच्या पेटीवर घालून खाली सोडायची होती. तर त्यांच्यातला एक पिकल्या केसांचा माणूस म्हणाला, नाही, ही जमिनीखाली जात नाही, ही हातातनं हातात जाती. मेलेल्याच्या वतीनं कोण बोललं होतं? आणि ताविताचं बोट माझ्याकडं.

त्यांनी ती चटई उलगडली, चौघांनी चार टोकं धरली, सगळ्यांना दिसेल अशी उंच केली, लाल पिसं वाऱ्यावर हलत होती, आणि गात गात माझ्याकडं यायला लागले. मला माहीत होतं ना! सीनानं सांगितलं होतं मला, घेतली की नातं लागतं, त्या घरची होतेस. माझ्या डोळ्यांपुढं माळावरची खोली आली, भावानं लावलेली तुळस आली. सामान बांधायला घेतलं होतं मी, दोन पेट्या भरल्या होत्या. त्याच घडीला म्हणायला पाहिजे होतं, की बाबांनो, मी चाललेय, मला नका देऊ. काय अवघड होतं? नाईन म्हणायचं, म्हंजे नाही, एक शब्द. पण ती माणसं वाकली होती माझ्यापुढं, आणि मागं ताविता उभा होता, आईविना, हात लोंबते सोडून. मी पदर खोचला आणि दोन्ही हात पुढं केले. व्हय म्हटलं. तोंडातनं व्हयच आलं, अण्णांचं.

भावाला फोन केला. तो म्हणाला आक्का, कवा येतीस, खोलीला रंग काढतोय. मी म्हटलं रंग काढ, पण तुझ्या सुनेला दे ती खोली. मी नाही येत. तो म्हणाला का गं, मुक्तानं अडवलं? आता त्याला काय सांगू, की एका मेलेल्या बाईची चटई घेतलीय. मी म्हटलं, इथं माझं एक घर लागलंय. फोन ठेवल्यावर मी पेट्या सोडल्या, लुगडी परत कपाटात रचली, आणि लई रडले हो, एकटीच, आईच्या नावानं, गावाच्या नावानं. कुणी जबरदस्ती केली नव्हती माझ्यावर. कुणावर राग काढू?

आता असं आहे, ताविता म्हणाला होता रोज थांबेन, थांबतो बिचारा, पण शिफ्ट बदलती, पोट आहे, आठवड्यातनं दोनदा जमतं, कधी नाही जमत. मी जाते. बस नंबर काय तो, जंगलाच्या कडेला उतरवते. इथं कबरीची जागा भाड्यानं असती, तुम्हाला ठाऊक आहे ना, काही वर्षांनी मुदत संपती, परत घ्यावी लागती, नाहीतर दगड काढून नेतात आणि तिथं दुसरं माणूस. तिच्या पणजोबानं कधी बाहेरच्याला जाऊ नये म्हणून राखली ती माती तिकडं रिकामी पडलीय, आणि ही इथं भाड्याच्या मातीत. हे मनात आलं की मला बसवत नाही आणि उठवतही नाही. मी मुक्ताला सांगून ठेवलंय, माझ्यामागं मुदत तू वाढवायचीस. ती म्हणाली, जा मामा. मी म्हटलं जा नको, व्हय म्हण. मराठीत म्हण. तर म्हणाली, व्हय आई.

ती बघा, त्या कपाटावर, मलमलीच्या फडक्यात. पावसाळी हवा असली की अजून वास येतो केवड्याचा. त्या जहाजावरच्या साहेबानं घेतली आणि पाय पुसले. मी घेतलीय ती निभावून नेईन, शरीर चालतंय तोवर. तुमची आई असती ना हो तिकडं? बरी आहे ना? असू दे, सुखात असू दे, तिला तिच्या दारात म्हातारपण येऊ दे. आता उठते मी, आज रविवार, तिच्याकडं जायचंय. गेल्यावर पहिल्यांदा मी तिला हाक मारते, मोठ्यानं, लोक बघतात, बघू देत. सीना, म्हणते, अगं ए सीना, मी आलेय. हाक मारायला घर लागतं म्हणाली होती आई. माझं तेवढंच आहे आता, तिच्या दगडापुढची दोन हात जागा.